दोन फुटी काचेची टाकी आणि बारा गप्पी मासे: आठ महिन्यांनंतर

रक्तदाब १५०/९६ निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गोळी देतो, पण डोक्यातला ताण तुम्हीच कमी करायचा." डोंबिवली ते सीएसएमटी रोज लोंबकळत जाणाऱ्याने तो नेमका कुठे उतरवायचा, हे काही बोलले नाहीत. कुत्रं-मांजर आईने आधीच बाद केलं होतं. मग ऑफिसातून येताना एका दुकानातून ही टाकी उचलली. २ × १ × १ फूट, साधारण ५५ लिटर पाणी. झाकण, दिवा, हवेचा पंप, स्पंज फिल्टर धरून तीन हजारांच्या आत. भरल्यावर वजन पासष्ट किलोच्या वर जातं, टीपॉयवर ठेवायचा विचारही करू नका.

तक्रार आधी सांगतो. दुकानदार म्हणाला, "आजच मासे सोडा, काही होत नाही." सोडले. आठवड्यात बारापैकी पाच गेले. ताण घालवायला आणलेल्या वस्तूपायी मी रात्री दोनला बॅटरी घेऊन टाकीसमोर उकिडवा! नंतर कळलं, की माशांमुळे पाण्यात अमोनिया साठतो आणि तो पचवणारे जिवाणू स्पंजात रुजायला चार-सहा आठवडे जातात. तोवर मासे मोजके, खाणं चिमूटभर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला थेंब मिळतात, ते घालायलाच लागतात. आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दुकानदाराला हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

गप्पी मात्र उत्तम निवड. आरोग्य खात्यामुळे हा मासा आपल्याला डासांच्या अळ्या खाणारा सरकारी नोकर म्हणूनच ठाऊक. दुकानातले म्हणजे त्याचे नटलेले भाऊबंद. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी वीसेक मिनिटं त्यांच्यासमोर बसतो. काहीच घडत नसतं. शेपट्या हलतात, एखादा दुसऱ्याच्या मागे लागतो, सोडून देतो. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मत्स्यालयात मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे वाढवत पाहणाऱ्यांची नाडी मोजली होती, तो अभ्यास २०१५ साली आला. मासे जास्त तेव्हा नाडी जास्त उतरली आणि लोक जास्त वेळ रेंगाळले. माझा रक्तदाब परवा १३४/८६ होता. त्यात गोळी किती आणि गप्पी किती, हा हिशेब मी काढत बसलेलो नाही.

"काचेत पाणी कसलं बघत बसायचं" म्हणणारी आई आता दुपारी टाकीपाशी बसून पोरं मोजते. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात आणि संधी मिळाली की स्वतःच खातात. "मेल्या, स्वतःचंच?" असं ती मादीला रोज ऐकवते.

टाकीला चार तारे. पंपाला दोनच, रात्री घुंऽऽ करतो. खाली जुनी योगा मॅट दुमडून ठेवल्यावर झोप लागली. पिल्लं तीसच्या वर गेली आहेत. आसपासच्या कुणाला हवी असतील तर डबा घेऊन या, पण टाकी आधी महिनाभर चालवून.