पेरोनियल लिहू का फिब्युलर?

फिजिओच्या फर्स्ट इयरची मुलं दरवर्षी हे विचारतात, आणि प्रश्न बरोबरच आहे, कारण नर्व्ह एकच, फिब्युलाच्या (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) मानेला वळसा घालून पुढे जाणारी, आणि नावं मात्र दोन.

अर्थाने दोघं सख्खी भावंडंच. रोमन लोक अंगावरचं वस्त्र खांद्याशी अडकवायला जी पिन लावायचे तिला लॅटिनमध्ये फिब्युला म्हणायचे (फिगेरे म्हणजे रोवणं, अडकवणं, त्याच्याशी नातं आहे), आणि ग्रीकमध्ये तसल्या पिनेला पेरोने. बोन सेटमधली टिबिया (नडगीचं हाड) आणि फिब्युला शेजारी धरून बघा, पदराला लावायची सेफ्टी पिनच दिसते, टिबिया म्हणजे जाड दांडी आणि फिब्युला तिची बारीक सुई. एकदा हे दिसलं की विसरत नाही.

पेरोनियलची बाजू कमजोर नाहीये. सिनियर ऑर्थोवाले तेच म्हणतात, एनसीव्हीच्या (नर्व्हमधून सिग्नल किती वेगाने जातो ती तपासणी) रिपोर्टवरही बहुतेक वेळा तेच येतं. १९९८ च्या टर्मिनोलॉजिया ॲनाटोमिकाने, म्हणजे शरीराच्या भागांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय यादीने, फिब्युलारिस पुढे केलं तरी पेरोनियस पर्याय म्हणून ठेवलंच आहे. म्हणजे चूक कुठलंच नाही.

पण मला खटकतं ते पेरिनियल. ग्रीक मूळ वेगळं, जागा पार वेगळी, जांघांच्या मधली, आणि फरक एका अक्षराचा. आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या, आठवडाभर उकिडवं बसून खुरपणी केलेली, उजवं पाऊल उचलत नव्हतं, त्या चपलेचा पुढचा भाग घासून पातळ झालेला. चिठ्ठीवर पेरोनियलच्या जागी टाईप झालेलं पेरिनियल नर्व्ह. इंटर्न मुलीने चिठ्ठी वाचून लघवीवर ताबा आहे का, बाळंतपणं किती, असं विचारायला सुरुवात केली, सून शेजारी उभी, मावशी मान खाली घालून गप्प. पायाकडे कोणी बघेचना. त्या दहा मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं.

फिब्युलर लिहिलं असतं तर ही गल्लत झालीच नसती, शिवाय हाडाचं नाव शब्दातच असल्याने हात आपोआप गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जातो. तुमच्या कॉलेजात सर जुनं नाव मागत असतील तर जर्नलमध्ये जरूर तेच लिहा, तोंडीला दोन्ही सांगता आली पाहिजेत. पेशंटच्या कागदावर मात्र मी हल्ली फिब्युलरच लिहितो, आणि पुढे डावा का उजवा तेही अक्षरात.