ग्राझचं जुनं शस्त्रागार: बाबा म्हणाले, अरे हे तर स्टोअर आहे

व्हिएन्नाला आलात आणि एक अख्खा दिवस हातात असेल तर ट्रेनने साधारण अडीच तासांवर ग्राझ आहे, तिथल्या हेरेनगास या मुख्य रस्त्यावर लांदेसत्सॉइगहाउस म्हणजे स्टायरिया प्रांताचं जुनं शस्त्रागार आहे, ते बघाच. मी मे महिन्यात बाबांना घेऊन गेलो. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं स्टोअरला होते, आणि पहिल्या मजल्यावर पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "अरे हे म्युझियम कुठंय, हे स्टोअर आहे." अगदी खरं बोलले ते.

कारण ही इमारत १६४२ ते १६४५ मध्ये बांधलीच मुळी गोदाम म्हणून. (शिवाजी महाराज तेव्हा बारा-पंधरा वर्षांचे.) तुर्कांची धास्ती कायमची, स्टायरिया सरहद्दीजवळचा प्रांत, भाडोत्री शिपाई आणि गावची माणसं ऐनवेळी गोळा करायची आणि त्यांच्या हातात शस्त्र द्यायचं, म्हणून हा साठा. पुढे १७४९ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिला हे सगळं बंद करून हत्यारं केंद्राकडे न्यायची होती, पण प्रांताच्या सरदार मंडळींनी विनंती केली की आमच्या लढायांची आठवण म्हणून हे इथंच राहू द्या, आणि तिने ते ऐकलं. त्यामुळे आज चार मजल्यांवर मिळून ३२ हजारांच्या आसपास वस्तू आहेत आणि बहुतेक काचेमागे नाहीत, लाकडी रॅकवर, खुंट्यांना, छताच्या तुळयांना लटकवलेल्या आहेत. लाकडाचा आणि तेलाचा वास येतो. बंदुकीची दारू ठेवायच्या कुप्या तर मोठ्या लग्नघरात तांबे टांगून ठेवावेत तशा ओळीने टांगल्यात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडलं ते साध्या शिपायाचं चिलखत. आपल्या डोक्यात युरोपची लढाई म्हणजे चकचकीत पोलादातला सरदार. तो इथे आहे, घोड्याची अख्खी पाखर पण आहे, इन्सब्रुकच्या कोनराड झॉइझनहोफरने १५०५ ते १५१० च्या सुमारास घडवलेली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. पण रॅकवर शेकड्याने आहेत ते काळपट, जाडेभरडे, सगळे सारखे छातीपत्रे, कोणाच्या मापाचे नाहीत, येईल त्याला घालायचे. त्यातल्या एकावर उजव्या बाजूला अंगठा बसेल एवढा पोचा होता. मला वाटलं लढाईत लागलेली गोळी, पण गाइड बाईंनी सांगितलं की ही कारागिराने स्वतः मारलेली गोळी आहे, माल देण्याआधी पत्रा टिकतो हे दाखवायला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे इन्स्पेक्शनचा शिक्का," म्हणाले आणि चष्मा पुसून परत वाकून बघायला लागले.

बंदुकांचा मजला नीट वेळ देऊन बघा. आपण ज्याला तोड्याची बंदूक म्हणतो ती तिकडेही पायदळाची, पेटता तोडा म्हणजे जळती वात सांभाळत चालायचं, पावसात विझला की संपलं. चाकाची बंदूक वेगळी, किल्लीने स्प्रिंग आवळायची, चाप ओढला की दातेरी चाक गारगोटीसारख्या दगडावर घासून ठिणगी पाडतं, म्हणून घोड्यावर बसून एका हाताने पिस्तूल चालवता आलं आणि घोडदळाची लढायची पद्धतच बदलली. महाग आणि नाजूक, त्यामुळे सगळ्यांना मिळालं नाही ते. १९८० च्या दशकात इथल्याच जुन्या बंदुका शिकंज्यात धरून खरोखर चालवून पाहिल्या होत्या, गोळीचा वेग सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास भरला! हा आकडा ऐकला की मग लक्षात येतं चिलखत का जाड होत गेलं, आणि वजन झेपेना तसं आधी पायांवरचं गेलं, मग हातांवरचं, शेवटी छातीचा पत्रा आणि शिरस्त्राण एवढंच उरलं. हे पुस्तकात वाचलं होतं, इथे एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना ते डोळ्यांनी दिसतं.

वरच्या मजल्यावर भाले आणि तलवारी. तलवारीच्या सरळ, लांब पात्यांकडे बघताना आपली फिरंग आठवली, युरोपातून आलेलं पातं आणि मूठ आपल्याकडची, तिचं नावच तिचं गाव सांगतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं, जिने लाकडी आणि चढ आहे, बाबांना ७२ व्या वर्षी दर मजल्यावर पाच मिनिटं बसावं लागलं. हिवाळ्यात फक्त गाइडसोबत सोडतात म्हणून वेळा आधी बघून जा, आणि उन्हाळ्यातही गाइड घ्याच, पैसे वसूल आहेत, नुसतं फिरलात तर लोखंडच लोखंड दिसेल आणि तासाभरात बाहेर याल. आम्हाला तीन तास लागले. दाराशी मार्स आणि मिनर्व्हा या रोमन युद्धदेवतांचे पुतळे आहेत, तिथे मी फोटो काढायला थांबलो तर बाबा मागे नाहीत. परत वर गेलो, ते कुप्यांच्या रॅकसमोर उभे, बोटाने एक ओळ मोजत होते.