शेंगापोळी की खव्याची पोळी : सोलापूरहून डब्यात काय पाठवावं?

संक्रांत जवळ आली की आमच्या घरात दरवर्षी हाच विषय निघतो. लेक पुण्याला होस्टेलवर, बहीण ठाण्याला, आणि दोघींनाही इथला डबा हवा असतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी जातातच, त्याबद्दल वाद नाही. अडतं ते गोडावर. आम्ही घेतो त्या घरगुती उपाहारगृहात सासू-सून मिळून दोन्ही पोळ्या करतात, आणि दोन्ही उत्तम करतात. म्हणून तर निवड अवघड.

खव्याच्या पोळीचा मान मोठा, हे मी मनापासून मान्य करतो. आपल्याकडे खवा येतो तो धाराशिवच्या बाजूचा, भूम-कुंथलगिरी भागातला. तो नीट परतून, पिठीसाखर आणि जायफळ घालून केलेली पोळी तव्यावरून थेट ताटात आली आणि वर तूप सोडलं, की त्या घटकेला तिच्यासमोर दुसरं काही टिकत नाही. सासरची माणसं जेवायला यायची असतील तर मीही तीच मागवतो.

शेंगापोळी दिसायला साधी. दाण्याचं कूट आणि गूळ, त्यात काय एवढं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण त्या उपाहारगृहातल्या आजींना करताना पाहिलं तेव्हा कळलं की सगळा खेळ सारणाचा आहे. दाणे मंद आचेवर आतपर्यंत खमंग भाजायचे, सालं पाखडून टाकायची, कूट बारीक करायचं, त्यात किसलेला गूळ मळून एकजीव करायचा. गुळाचा एक खडा राहिला तरी लाटताना पोळी तिथंच फाटते, गूळ तव्यावर येतो आणि करपतो. पुढची पोळीही मग कडवट लागते. सारण थेट कडेपर्यंत गेलं पाहिजे. नुसती कोरडी कड खावी लागली तर ती पोळी बिघडलीच म्हणायची. आमच्या शेजारच्या कानडी घरात हिलाच शेंगा होळगी म्हणतात, आणि त्यांच्याकडची पोळी आमच्यापेक्षा पातळ असते.

आता माझा निर्णय कशानं झाला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी पुतण्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघाला होता, म्हणून त्याच्याबरोबर लेकीसाठी खव्याच्या पोळ्या दिल्या. दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतल्या होत्या. त्यांनी त्या गरमच डब्यात भरल्या आणि झाकण लावलं. पुण्यात पोचेपर्यंत आत वाफ धरून पोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवायला गेलं की वरचा पापुद्रा एकीकडे आणि खवा दुसरीकडे. तेवढंही चाललं असतं. पण होस्टेलवर ना तवा, ना गॅस. जानेवारीच्या थंडीत तूप थिजलेलं. लेक फोनवर एवढंच म्हणाली, “बाबा, चांगल्या आहेत, पण गार खाववत नाहीत हो.” तिसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्यांना आंबूस वास आला आणि तिनं त्या टाकल्या. मला फार लागलं ते. हौसेनं पाठवलेला घास लेकीला टाकून द्यावा लागला.

शेंगापोळीला तवा लागत नाही. पूर्ण गार करून, कागदावर एकावर एक रचून दिली की आमच्या अनुभवात दहा-बारा दिवस सहज जाते, आणि दुसऱ्या दिवशी उलट जास्त खुसखुशीत लागते. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत 7 नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा सकाळपासून रस्त्यावर उभं राहणाऱ्या आमच्या घरच्यांच्या पिशवीत हीच असते. उभ्या उभ्या मोडून खाता येते.

तुमच्या घरी कदाचित वेगळं असेल. ज्यांना पाठवायचं त्यांच्याकडे तवा आहे, चार माणसं आहेत आणि डबा एका दिवसात संपणार आहे, तर खव्याची पोळी जरूर पाठवा, फक्त गार झाल्याशिवाय भरू देऊ नका. उन्हाळ्यात मात्र मी तो विचार करणार नाही. आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो, तिथं खव्यावर भरवसा ठेवायचा तरी किती?

शेंगापोळीची एकच बाजू सांभाळायची. दाणे जुने असतील तर पोळी खवट लागते. म्हणून घेण्याआधी एक कोपरा मोडून वास घ्यायचा, घरगुती ठिकाणी त्याला कुणी नाही म्हणत नाही. आणि संक्रांतीच्या निदान चार दिवस आधी सांगून ठेवा. यात्रेची गर्दी सुरू झाली की त्या सासू-सुनेचे हात पुरत नाहीत. आमच्या यंदाच्या 40 पोळ्या मी सांगून आलोय, सगळ्या शेंगांच्या.