टायरची कड सोडवताना: साइड स्टँड की लाकडी दांडा?

ट्यूबलेस टायर घरी बदलताना खरी कसोटी लागते ती रिमला घट्ट बसलेली कड सोडवताना. पुढचे काम दोन टॉमी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या) आणि साबणाच्या पाण्यावर निभावते. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडल्यावर चाक दुसऱ्या मोटारसायकलच्या साइड स्टँडखाली ठेवून गाडी त्यावर कलती करणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे; मात्र स्टँड रबरावरून घसरला, तर रिमला ओरखडा पडतो आणि दीडशे किलोची गाडी सावरायला दुसरा माणूस लागतोच.

याउलट, भिंतीला बिजागरीने जोडलेला पाच फुटांचा दांडा आणि बिजागरीपासून फूटभर अंतरावर बसवलेला लाकडी ठोकळा यांनी तरफ तयार होते, आणि टोकाला दिलेला २० किलोचा भार ठोकळ्याखाली सुमारे १०० किलोचा होतो. बिजागरी सुमारे ८० किलोच्या जोराने वर उचलली जात असल्याने तेथे खिळे चालत नाहीत, अँकर बोल्टच हवेत.

चाकाखाली मात्र दोन्ही पद्धतींत जुना टायर घालावा, म्हणजे ब्रेकच्या डिस्कवर भार येत नाही. वाकलेली डिस्क टायरच्या मजुरीपेक्षा कितीतरी महाग पडते. वर्षा-दोन वर्षांतून एकदाच टायर बदलणाऱ्याने भिंतीला भोके पाडू नयेत. घरात दोन-तीन गाड्या असतील, तर मी दांड्याच्याच बाजूने आहे.