पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप चांगला, सोबतचा कागद कुचकामी

बापूंची १९५३ची फार्गो ट्रक, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जोडलेली. एसी पंपाचा (एसी कंपनीचा, इंजिनवर चालणारा मूळ पेट्रोल पंप) डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, दोनदा बदलला, तरी मे महिन्यात कसारा घाटात गाडी हमखास बसायची. पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबायचं.

इलेक्ट्रिक पंप घ्यायला गेलो, तर पहिल्या दुकानदाराने इंजेक्शनच्या गाडीचा गळ्यात मारला. त्याचा दाब ४० पीएसआयच्या (चौरस इंचावर पौंड) वर. कार्ब्युरेटरला ४ पुष्कळ होतात. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या सुईला तो दाब पेलेना, पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडलं. पेटलं नाही हे नशीब.

आत्ताचा पंप चौकोनी डबीसारखा, १२ व्होल्टचा, साडेतीन हजारांना पडला. गेज लावून पाहिलं, काटा साडेतीन पीएसआयवर स्थिर. मूळ फार्गो ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. आमचं वायरिंग आधीच बदललेलं होतं म्हणून निभावलं. तुमचं जुनंच असेल तर हा घेऊ नका.

आडगाव नाक्यावरचे मिस्त्री तो बोनेटखालीच लावायला निघाले होते. म्हटलं, दादा, हा ढकलतो जोरात, पण ओढायला कच्चा. शेवटी मागे चॅसीवर, टाकीच्या तळापेक्षा खाली, सायलेन्सरच्या उलट बाजूला लावला. टाकीत सत्तर वर्षांचा गंज, म्हणून फिल्टर पंपाच्या आधी. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी नळी आतून चिकट झाली होती, तीही बदलली. एसी पंप काढून तिथे प्लेट ठोकली. ठेवला असता आणि डायफ्राम फाटला असता, तर सगळं पेट्रोल ऑइलमध्ये.

पहिल्या दिवशी केबिन नुसती घुमत होती. पंपाखाली ट्यूबचे तुकडे घातले, आवाज गेला. पंपही गेला! याला वायर एकच, अर्थ बॉडीतून. ती रबराने तोडली. तासभर डोकं खाजवल्यावर उजेड पडला. बोल्टवरून चॅसीला वेगळी वायर ओढली. कागदावर याबद्दल एक ओळ नाही.

रेटिंगमधला एक स्टार कापतोय तो ऑइल प्रेशर स्विच सोबत नाही म्हणून. इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की तो स्विच पंप बंद करतो. इंजिन बंद पडून चावी चालू राहिली तर त्याशिवाय हा पंप पेट्रोल ढकलतच राहणार. तो स्विच वेगळा आणून रिलेवर जोडावा लागला.

परवा भर दुपारी घाट एका दमात चढलो. स्टार्टर मारला की मागून टिकटिक, कार्ब्युरेटर भरला की मंदावते. बापू मात्र ओलं फडकं अजून सीटखाली ठेवतातच.