करीचा बूट, नागपाड्याचं सिमेंट

अमेरिकी बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या नावाने अंडर आर्मर कंपनीने काढलेल्या ‘करी फ्लो’ मालिकेतला बूट दुकानात हातात आला की आधी उलटा करून बघा. तळाला रबर नाही. इतर बास्केटबॉल बुटांत मऊ फोमचा थर आणि त्याखाली चिकटवलेला रबरी सोल असे दोन वेगळे भाग असतात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या फ्लो ८ पासून कंपनीने खालचा रबरी थर काढूनच टाकला. ‘फ्लो’ नावाचा फोमच जमिनीला टेकतो आणि पकडही तोच देतो. या एका निर्णयात बुटाचे सगळे गुण आहेत आणि सगळे दोषही. लाकडी कोर्टवर खेळणाऱ्या गार्डला, म्हणजे चेंडू हाताळत खेळ चालवणाऱ्या खेळाडूला, याहून चांगला बूट सहज सापडणार नाही. मुंबईच्या सिमेंटवर मात्र हाच बूट डोळ्यांदेखत झिजतो.

हा बूट असा का घडला, हे स्टीफन करीच्या घोट्यांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. एनबीए या अमेरिकी लीगच्या २००९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा गार्ड. त्याचा उजवा घोटा इतक्या वेळा मुरगळला की २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं लागोपाठ शस्त्रक्रिया झाल्या. २०११-१२ चा मोसम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे ६६ सामन्यांचाच होता आणि त्यातले त्याने खेळले फक्त २६. म्हणूनच ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच्या संघाने, गोल्डन स्टेट वॉरियर्सने, त्याच्याशी चार वर्षांचा जो करार केला तो ४ कोटी ४० लाख डॉलरचा, म्हणजे त्याच्या खेळाच्या मानाने स्वस्तातला होता. करारानंतरच्याच मोसमात करीने २७२ थ्री (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) मारून रे ॲलनचा एका मोसमातला २६९ चा विक्रम मोडला. २०१३ मध्ये तो नाइकी सोडून अंडर आर्मरकडे आला आणि २०१५ मध्ये ‘करी वन’ बाजारात आला.

करी वन आणि टू घोट्यापर्यंत चढणारे होते. पुढच्या मॉडेलांत बुटाची कड घोट्याच्या हाडाखाली आली. दोन शस्त्रक्रिया झालेला माणूस आखूड बूट घालतो, यात विरोधाभास नाही. घोटा आत वळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. सबंध शरीराचं वजन त्या कोनात पडत असताना कापडी कॉलर ते थोपवू शकत नाही. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने २००८ च्या अखेरीस आखूड बूट घातले तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. घोटा वाचतो तो तीन गोष्टींनी: पाय जमिनीच्या जवळ असणं, तळाचा बाहेरचा काठ रुंद असणं आणि टाच बुटात न हलणं. फ्लो मालिका या तिन्हीत चांगली आहे. उरलेलं काम करी स्वतंत्र ब्रेसवर (घोट्याला बांधायच्या आधारावर) सोपवतो, जपानी झॅम्स्ट कंपनीचा ए२-डीएक्स. शिवाय वॉरियर्सच्या प्रशिक्षकांनी त्याच्या नितंबांचे आणि मांड्यांचे स्नायू मुद्दाम बळकट करून घेतले, म्हणजे दिशा बदलतानाचा भार घोट्यावर कमी यावा. नुसता बूट विकत घेऊन यातलं एक तृतीयांशच मिळतं, हे आईवडिलांनी मुलाला बूट घेऊन देण्याआधी लक्षात घ्यावं.

आता लाकडावरची कामगिरी. गार्डचा खेळ म्हणजे थांबणं. धावत येऊन एका ड्रिबलवर थांबायचं, मागे सरकायचं, वर उठायचं. रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरला गादी (तळाचा मऊपणा) लागते, गार्डला ब्रेक लागतो. फ्लोचा फोम लाकडाला असा धरतो की चवडा टेकताच पाय तिथेच राहतो. स्टेपबॅकच्या, म्हणजे मागे सरकून केलेल्या फेकीच्या, शेवटच्या पावलाला तो अर्धा इंच घसरतच नाही. जमिनीचा अंदाज स्पष्ट येतो, कारण मधला रबर नाही. नवा असतानाही बूट कडक वाटत नाही, दोन-तीन सरावांत पायाला बसतो. गादी मध्यम आहे. सतत उड्या मारून रिबाउंड (हुकलेला चेंडू) घेणाऱ्या ९० किलोच्या खेळाडूला टाचेखाली ती कमी पडेल, आणि त्याने हा बूट घेऊच नये. नंतरच्या मॉडेलांत दोन घनतेचा फोम आला, त्याने टाच थोडी सुधारली. करीच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध याच सोलवर झाला: १४ डिसेंबर २०२१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोडलेला रे ॲलनचा कारकिर्दीतल्या २,९७३ थ्रींचा विक्रम, २०२२ चं चौथं विजेतेपद, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातले फ्रान्सविरुद्धचे आठ थ्री.

ते सगळे सामने लाकडावर झाले. आपल्याकडे नागपाड्यात, मस्तान वायएमसीएत, बहुतेक शाळांच्या आणि सोसायट्यांच्या मैदानांवर खेळ उघड्यावर होतो. खाली सिमेंट नाहीतर त्यावर मारलेला रंग. सिमेंटच्या पृष्ठभागावर बारीक खडे वर आलेले असतात आणि त्यात आजूबाजूच्या बांधकामांची धूळ बसते. तो सरळ सँडपेपर झाला. रबर घट्ट असतो, घासला तरी सावकाश जातो. फोम म्हणजे हवेचे बारीक कप्पे. वरचं कवच एकदा घासलं की कप्पे उघडे पडतात आणि पुढची झीज वेगाने होते. ती सगळीकडे सारखी होत नाही. आधी जातो अंगठ्याखालचा भाग, कारण पिव्होट करताना, म्हणजे एक पाय रोवून वळताना, पाय तिथे फिरतो. मग बुटाचं टोक, कारण ले-अपच्या (धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकण्याच्या) वेळी मागचा पाय अनेक जण ओढत नेतात. टाचेखालची नक्षी मात्र नव्यासारखी राहते. म्हणून वापरलेला जोड बघताना टाच बघून फसू नका, चवडा बघा. नक्षीच्या खाचेत नाण्याची कड बसत नसेल तर तो बूट सामन्यासाठी संपला. पकड गेल्यावर गार्ड नकळत पाय जास्त जोराने रोवायला लागतो, आणि त्याची किंमत आधी गुडघा देतो.

रबर असूनही टिकाव न लागणारे बूट असतातच, पण सिमेंटसाठी निवड करायची तर कसोटी सोपी आहे. सोलमध्ये अंगठ्याचं नख रुतवा. सहज रुतलं तर रबर मऊ आहे, लाकडासाठी ठेवा. खाच खोल हवी आणि नक्षीच्या पट्ट्या जाड हव्यात. पातळ, धारदार पट्ट्या लाकडावर छान धरतात, सिमेंटवर मोडतात. पारदर्शक सोल दिसायला देखणा, पण धूळ पटकन धरतो. नाइकीच्या काही जोडांवर ‘एक्सडीआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे जास्त टिकाऊ रबर. अंडर आर्मरच्याच ‘जेट’ला रबरी सोल आहे. डेकॅथलॉनच्या टारमॅक या बास्केटबॉल ब्रँडचे मधल्या किमतीचे जोड रोजच्या सरावाला पुरतात. आठवड्यातले पाच दिवस सिमेंटवर जात असतील तर पैसे तिथे घाला आणि करी फ्लो फक्त लाकडी कोर्टच्या स्पर्धेसाठी ठेवा. एकच जोड परवडत असेल तर हा घेऊ नका. बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी तर नकोच. पाय वाढतोय, आणि पाच आकडी किमतीचा बूट मोसमाच्या आत लहान होईल.

मापाची भानगड मोठी आहे. अंडर आर्मर आणि नाइकी यांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, आदिदासचा यूके ८.५ म्हणजे यूएस ९. त्यामुळे ‘मला आठ बसतो’ या भरवशावर ऑनलाइन मागवू नका. लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा बघा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा. उभं राहिल्यावर बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, त्याहून जास्त नको. फ्लो ९ पासून वरच्या कापडात ‘वार्प’ नावाच्या न ताणणाऱ्या पट्ट्या आहेत. गाडीच्या सीटबेल्टसारख्या त्या कट मारताना (झटकन दिशा बदलताना) पाय बाहेर सरकू देत नाहीत. ही मालिकेतली सर्वांत चांगली सुधारणा. पण त्या ढिल्या पडत नाहीत, म्हणून चवडा रुंद असणाऱ्याला करंगळीच्या मुळाशी बूट बोचतो, आणि आपल्याकडे अनवाणी किंवा चपलेत वाढलेले रुंद पाय खूप आहेत. घालून पाच मिनिटं दुकानात फिरूनही करंगळी दुखत असेल तर ‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचं म्हणणं ऐकू नका. अर्धा नंबर वाढवून बघा. टाच सुटायला लागली तर हा बूट तुमच्या पायाचा नाही.

ब्रेस घालणाऱ्याने बूट घ्यायला जाताना ब्रेस बरोबर न्यावा. ए२-डीएक्स डाव्या आणि उजव्या पायाचा वेगळा मिळतो, आणि त्याच्या बाजूच्या कडक आधारांमुळे बूट अर्ध्या नंबराने मोठा लागू शकतो. आधी पातळ पायमोजा घाला, घडी नसलेला. त्यावर ब्रेस. मग लेस खालच्या तिसऱ्या भोकापर्यंत पूर्ण ढिली करा, जीभ पुढे ओढा, पाय घाला आणि टाच जमिनीवर दोनदा आपटा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग टाच आत तरंगते. लेस खालून वर आवळत या: चवड्यावर बेताची, वरच्या दोन भोकांत घट्ट. शेवटचं जास्तीचं भोक रिकामं सोडू नका. लेस त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घालून छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते. पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर मधली भोकं सैल करा, वरची नको. घोटा नुकताच मुरगळला असेल तर ब्रेस घालून लगेच कोर्टवर उतरू नका. आधी फिजिओला दाखवा आणि एका पायावर डोळे मिटून तोल सांभाळता येतो का ते बघा.

पावसाळ्यात या बुटाला विशेष जपावं लागतं. ओल्या रंगावर, खास करून फ्री थ्रोच्या जाड रेषेवर, कुठलाही सोल घसरतो आणि फ्लोही घसरेल. भिजलेला जोड उन्हात किंवा फ्रिजच्या मागे ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि फोम आकसतो. आतला तळवा काढा, दोन्हीकडे वर्तमानपत्र कोंबा, तासा-दोन तासांनी कागद बदला, पंख्याखाली ठेवा. वॉशिंग मशीन नको. सोलवर धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसा. खेळाच्या मध्ये तळहाताने पुसून पकड परत येते, पण दोन-तीन मिनिटांपुरतीच. आणि हा बूट घालून स्टेशनपर्यंत चालत जाऊ नका. डांबर आणि फलाटाची फरशी कोर्टइतकाच सोल खातात. लोकलमध्ये पायात चप्पल, बूट पिशवीत.

आता घ्यायचा झाल्यास काय पाहायचं? करीने १३ मार्च २०२५ रोजी, सदतिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, चार हजारावा थ्री मारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंडर आर्मर आणि करी यांनी फारकत जाहीर केली. करी १३ हा या जोडीचा शेवटचा बूट. म्हणजे यापुढे बाजारात उरलेल्या मालातलेच जोड वाढत जातील, आणि फोम पडून राहिला तरी म्हातारा होतो. मुंबईच्या दमट हवेत गोदामात दोन-तीन पावसाळे काढलेल्या जोडाचा गोंद पहिल्याच महिन्यात सुटू शकतो. खोक्यावरच्या आयातदाराच्या स्टिकरवर एमआरपीशेजारी महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. मग टाच आणि टोक धरून बूट हलका पिळा आणि वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकत असेल तर नको. सोल आणि कापड जिथे मिळतात त्या शिवणीवर नखाने दाबत एक फेरी मारा. कुठे चिरकन आवाज आला किंवा पिवळट गोंद दिसला तर ठेवून द्या. धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत जोड हातात घेऊन हे सगळं करता येतं, ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत आधी बघा. शुक्रवारी पहाटे कामाठीपुऱ्याच्या दीड गल्लीत मोठ्या नावाचे बूट फार स्वस्त दिसतात. तिथे नकली जोड ओळखायची एक खूण वजन आहे. फ्लोचा फोम हाताला हलका लागतो आणि बोटाने दाबल्यावर दबून लगेच वर येतो. तळाला फोमसारखी दिसणारी नक्षी असून हाताला प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत आणि जड लागलं, तर तो करीचा बूट नाही.