कॉमेंट की फोन?

टेक्सासच्या आतेभावाने फेसबुकवर लिहिलं, 'घरात बंदूक असणं हा हक्कच आहे.' खाली कोथरूडच्या काकांनी लगेच तोफ डागली. मी मधे. वाटा दोनच: तिथेच कॉमेंट करायची, नाहीतर त्याला फोन लावायचा.

आधी कॉमेंट करून पाहिली. मुद्दे चोख होते. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा, परवान्याशिवाय बंदूक नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच. टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत २०२२ साली गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेही लिहिलं. त्याचं उत्तर: 'अमेरिकेची १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती वाच, शस्त्र बाळगायचा हक्क देणारी. इथल्या सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल वाच, घरात बंदूक ठेवायचा हक्क मानणारा.' खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण आत्या, तिच्या भिशीतल्या बायका, माझ्या ऑफिसातली माणसं, सगळे वाचत होते. चारचौघांत माघार कोण घेणार? त्यातून आम्ही पुणेकर.

फोन रविवारी सकाळी लावला. त्याच्याकडे शनिवारची रात्र. पहिली दहा मिनिटं आत्याच्या गुडघ्यांवर गेली. मग तो म्हणाला, "अरे, शेजारचं घर अर्धा मैल लांब. पोलीस यायला वेळ लागतो इथे." हे कॉमेंटमध्ये कुठेच नव्हतं.

"पोरं घरात असताना ठेवतोस कुठे?"

"तिजोरीत. गोळ्या वेगळ्या." जरा थांबून म्हणाला, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'साठी मी फोनच निवडेन. काकांना मात्र कॉमेंटच प्रिय. कालच त्यांचं नवं उत्तर पडलंय, सात परिच्छेदांचं.